बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी सांगणारे आणि ब्रेनचा कोर्स विकणारे, सोलापूरकरांनो सावध रहा

जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड या भागात ज्यांची मुलं तिसरी ते सातवीत आहेत आणि अभ्यासात मागे पडतायत त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय, कारण वार्षिक परीक्षा जवळ आली की ह्या लोकांचे फुकट सेमिनार परत सुरू होतात आणि शाळेच्या गेटवर पत्रकं वाटली जातात.

माझा मुलगा तेव्हा चौथीत होता. तोंडी विचारा, सगळं येतं. गड्ड्याच्या यात्रेत सातही नंदीध्वज कुठून निघतात कुठं जातात हे पाहुण्यांना न अडखळता सांगतो, पण पुस्तक हातात दिलं की एकेक अक्षर लावत बसतो, ओळ सुटते, काना मात्रा गाळतो, इंग्रजी बी आणि डी मधे गोंधळ, फळ्यावरचं वहीत अर्धंच उतरतं. बाई म्हणायच्या लक्ष नाही, सासरे म्हणायचे लाड फार झाले, कुणी म्हणायचं घरात तेलुगू शाळेत मराठी वर इंग्रजी म्हणून पोराची खिचडी होतीय. त्यात पुढच्या वर्षी पाचवीची स्कॉलरशिप आणि जावेच्या मुलाचा नवोदयचा क्लास सुरू झालेला. अशा वेळी घरातलं वातावरण कसं असतं हे ज्यांच्यावर वेळ आलीय त्यांनाच कळेल, रोज संध्याकाळी रडारड आणि मार.

त्याच दिवसांत एका हॉलमधे सेमिनार झाला. स्टेजवर एक मुलगी डोळ्यांना पट्टी बांधून पुस्तक वाचते, नोटेवरचा नंबर सांगते, रंग ओळखते, आणि माइकवर सर सांगतायत की तुमच्या मुलाचा मिडब्रेन झोपलाय तो आम्ही जागा करतो. मग आतल्या केबिनमधे मशीनवर दहाही बोटांचे ठसे घेतले, ४ हजार रुपये. आठवड्याने जाडजूड रंगीत रिपोर्ट आला, त्यात डावा मेंदू इतके टक्के, उजवा इतके टक्के, मुलगा जन्मजात हुशार आहे, पुढं इंजिनियर किंवा संगीतकार होईल. इतकी वर्षं फक्त तक्रारी ऐकलेल्या आईला असा कागद हातात मिळाला की काय वाटतं सांगता येत नाही. मी तिथंच रडले. आणि त्याच बैठकीत २२ हजारांचा कोर्स भरून घेतला, आज भरलं तरच डिस्काउंट म्हणून. पावतीवर फक्त शिक्का आणि पैसे परत मिळणार नाहीत ही ओळ, जीएसटी नंबर नाही.

पैशापेक्षा जास्त राग मला ज्या गोष्टीचा आहे ती आता सांगते. मी त्यांना विचारलं होतं की शाळेतल्या एका मॅडमनी डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचण्यालिहिण्यातल्या अडचणीची, टेस्ट करून घ्या म्हटलंय, करू का? तर म्हणाले अजिबात नको, हॉस्पिटलला नेलं की पोरावर मतिमंद म्हणून शिक्का बसतो, शाळा दाखला हातात देते, आमच्या रिपोर्टमधे तसं काही निघालेलं नाही. त्या बोलण्याने आम्ही घाबरलो आणि मुलाचं अख्खं वर्ष गेलं.

खरं काय ते मुलानेच सांगितलं. रात्री झोपताना म्हणाला, आई, पट्टीच्या खालून नाकाजवळून दिसतं, सर म्हणाले मान थोडी वर करून बघायचं आणि घरी सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी ह्यांनी पोहायचा गॉगल काळ्या टेपने पूर्ण बंद करून त्याला घातला आणि कार्ड धरलं, काही सांगता येईना, आणि ओरडा बसेल म्हणून पोरगं थरथर कापायला लागलं. नऊ दहा वर्षांच्या लेकराला आईबापाशी खोटं बोलायला शिकवलं होतं त्यांनी.

मग बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. ते म्हणाले मिडब्रेन हा मेंदूचा खरा भाग आहे, डोळ्यांची हालचाल, आवाजाकडे लक्ष जाणं, जागं राहणं ह्या कामात त्याचा वाटा असतो आणि तो जन्मापासून चालूच असतो, झोपला असता तर मूल तुमच्यासमोर जागं बसलंच नसतं. बोटांच्या रेषा आईच्या पोटात तिसऱ्या चौथ्या महिन्यात तयार होतात आणि आयुष्यभर तशाच राहतात, त्यावरून वाचता का येत नाही हे कसं कळणार? ह्या ठशांच्या टेस्टला डीएमआयटी म्हणतात, आणि तिला शास्त्रीय आधार नाही हे इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने, जाहीर सांगितलंय.

डिस्लेक्सियाच्या खऱ्या टेस्टमधे आधी कान आणि डोळे तपासले, मग बुद्ध्यांक, मग वाचन, लेखन, गणित वेगवेगळं, शाळेत ज्या भाषेत शिकतो त्याच भाषेत. बोटांना कुणी हातसुद्धा लावला नाही. बुद्ध्यांक चांगला निघाला आणि डिस्लेक्सिया पण निघाला, दोन्ही एकाच मुलात असू शकतं हे मला तोपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. मूल साधारण आठ वर्षांचं झालं की ही टेस्ट करतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत त्यात डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता आहे, सरकारी वैद्यकीय मंडळाचं सर्टिफिकेट असेल तर दहावीला जादा वेळ, गरजेप्रमाणे लेखनिक अशा सवलती मिळतात. गोळी औषध नाही, स्पेशल एज्युकेटर, म्हणजे अशा मुलांना शिकवणारे खास शिक्षक, हळूहळू आवाज आणि अक्षर जोडून शिकवतात, वेळ लागतो. आमचा अजूनही सावकाशच वाचतो पण पुस्तक लपवून ठेवत नाही.

कुणीही रिपोर्ट द्यायला लागलं की सही कोण करणार आणि त्यांचा आरसीआय नोंदणी नंबर काय हे पैसे द्यायच्या आधी विचारा, मुलांची टेस्ट घेणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि स्पेशल एज्युकेटर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदलेले असावे लागतात. आमच्या रिपोर्टवर सहीच नव्हती, कंपनीचा लोगो होता.

पैसे परत मागितले तर आधी टाळाटाळ मग फोन ब्लॉक. आम्ही १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली, त्याने हलले नाहीत, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात दाखल केलीय. ५ लाखापर्यंतच्या प्रकरणाला फी नाही आणि वकील लागतोच असं नाही, पण घटनेपासून २ वर्षांच्या आत दाखल करावी लागते. तुम्ही पण अशा कोर्सला पैसे भरले असतील तर पावती, पत्रक, रिपोर्ट, ऑनलाइन पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपवरचे त्यांचे मेसेज डिलीट करू नका, सगळं एका जागी काढून ठेवा आणि तारीख मोजा.