चार दिवसांत हात मऊ झाले, तिथंच शंका यायला हवी होती

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेले आणि मशीनवर माझा अंगठाच उमटेना. उजवा झाला, डावा झाला, तर्जनीही झाली. काउंटरवरच्या मुलीनं ओल्या फडक्यानं माझं बोट पुसून पुन्हा टेकवलं आणि शेवटी म्हणाली, "काकू, तुमच्या बोटांवर रेषाच दिसत नाहीत हो." बत्तीस वर्षं शाळेत खडू धरला, तेव्हासुद्धा ही वेळ आली नव्हती. झालं ते मलमाच्या एका डबीपायी, आणि ती मीच विकत घेतली होती.

साताऱ्यात शाहूपुरीला आमच्या गच्चीवर सव्वाशे कुंड्या आहेत, त्यातल्या तीसेक नुसत्या शेवंतीच्या. शेणखत, निंबोळी पेंड, लाल माती, सगळं मी हातानंच कालवायचे. मोजे घातले की मातीची ओल कळत नाही, हे माझं पेटंट वाक्य. दिवाळीनंतर यवतेश्वराच्या डोंगराकडून गार वारं सुटलं की हातांना चिरा पडतात, त्याचं मला काही वाटायचं नाही. पण गेल्या वर्षीच्या चिरा निराळ्या होत्या. अंगठ्याच्या पेरावर अशी भेग, की आमटीत मीठ टाकताना डोळ्यांत पाणी यायचं. शालीचे धागे बोटांत अडकायचे. शिवाय खाज, ती पार मनगटाच्या वरपर्यंत. एकीनं लिंबू-साखर चोळायला सांगितलं. भेगेवर लिंबू म्हणजे काय ते चोळणारीलाच ठाऊक. वर तसंच उन्हात गेलं तर कातडी भाजून काळे चट्टे उठतात.

जानेवारीत एका झाडांच्या प्रदर्शनाबाहेर एक माणूस टेबल मांडून बसला होता. महाबळेश्वरच्या रानातली मुळी, आजोबांपासूनची विद्या, वगैरे. त्यानं माझा डावा हात कोमट पाण्यात बुडवायला लावला, पुसला, मलम चोळलं आणि उजव्या हाताशेजारी धरला. फरक दिसणारच. पाण्यातनं काढून नुसतं खोबरेल चोळलं असतं तरी दिसला असता. ३५० रुपयांची डबी घेतली.

आणि गुण आला. खरंच आला. दुसऱ्या दिवशी खाज थांबली, चौथ्या दिवशी लाली गेली, आठवड्यात भेगा मिटल्या. मी इतकी हरखले की बागेच्या नादातल्या पाच मैत्रिणींना डब्या नेऊन दिल्या.

डबी संपली आणि पाच-सहा दिवसांत दुपटीनं उसळलं. फोन केला तर म्हणाला, "आतली घाण बाहेर पडतीय काकू, औषध लागू पडल्याची खूण आहे. तीन महिन्यांचा कोर्स करा." कोर्स ४२०० रुपयांचा. मोबाइलवरून पैसे पाठवताना खात्यावर नाव भलत्याच बाईचं दिसलं. विचारलं तर "भाचीचं खातं आहे." पावती मागितली तर "पावतीला जीएसटी पडतो, तुमचंच नुकसान." पोरांना पावतीचा नमुना फळ्यावर लिहून देणारी मी, गप्प बसले. तो कोर्स संपल्यावर पुन्हा तेच, आणि मी आणखी ४२०० पाठवले. एकूण ८७५० रुपये.

गणपतीत दूर्वा निवडताना पहिल्यांदा घाबरले. हाताची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती, खालच्या शिरा स्पष्ट दिसत होत्या. गुलाबाचा काटा नुसता घासला तरी काळानिळा डाग पडायचा. तरी दवाखान्यात गेले ती बँकेतल्या प्रकारानंतर.

त्वचारोगतज्ज्ञांनी आधी डबी मागितली. "यावर काय लिहिलंय ते वाचा." एका ऋषींचं चित्र आणि "शंभर टक्के आयुर्वेदिक". परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, तारीख नाही, घटकांची यादी नाही. आयुर्वेदिक औषधावरसुद्धा हे सगळं छापावंच लागतं. कातडी बघून ते म्हणाले, यात क्लोबेटासोलसारखं जहाल स्टेरॉइड मिसळलेलं असणार. त्यानं खाज आणि लाली झटकन दबते, मूळ कारण तसंच राहतं, थांबवलं की उलटून येतं आणि महिनोन्महिने लावलं तर कातडी विरत जाते. असली मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. म्हणजे मी ज्याला गुण म्हणत होते, तीच त्या डबीची लबाडी होती.

मूळ कारण निघालं पॅच टेस्टमध्ये. पाठीवर पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवसांनी काढल्या, नंतर पुन्हा एकदा तपासलं. गाजर गवताची ॲलर्जी! शेजारचा पडीक प्लॉट मी दर पावसाळ्यात उघड्या हातांनी उपटून साफ करायचे. शेवंतीही त्याच कुळातली, त्यामुळं ती हाताळली की भर पडायची. आता गाजर गवताला हात लावत नाही. शेवंतीचे शेंडे हे खुडतात, म्हणजे आमचे मिस्टर, आणि वाईट खुडतात. मातीत हात घालताना आत सुती मोजे, वरून रबरी. हात धुतले की ओलसर असतानाच डॉक्टरांनी दिलेलं साधं क्रीम, रात्री जाड थर पेट्रोलियम जेलीचा आणि त्यावर जुने सुती मोजे. महिनाभराची जेली शंभराच्या आत बसते. भेगा भरायला मात्र आठवडा नाही, दोन महिने लागले.

त्या माणसाचा नंबर बंद आहे. उरलेली एक सीलबंद डबी आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट जोडून अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली. तुमच्याकडे अशी डबी असली तर फेकू नका, तक्रारीला तीच लागते. आणि बरेच दिवस लावत असाल तर मनानं बंद करण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

चार मैत्रिणींना फोनवर सांगितलं. पाचवीच्या घरी गोडोलीला स्वतः गेले, कारण नातवाच्या लंगोटाच्या पुरळावर तिनं तेच मलम लावल्याचं मागं बोलण्यात आलं होतं. लहान मुलाच्या नाजूक कातडीतून ते रक्तातही उतरतं, असं डॉक्टर म्हणाले होते. ती काही न बोलता आत गेली, कपाटातून डबी आणून माझ्यापुढं ठेवली. अर्ध्याच्या वर संपली होती. "तूच दिली होतीस," एवढंच म्हणाली, आणि बाळाच्या डॉक्टरांचा नंबर शोधायला लागली.