ऑक्सिजन सेन्सर तपासायला मल्टीमीटर घ्यावा की स्कॅनर?

चेक इंजिनची लाइट लागली, मेकॅनिक म्हणाला ओ-टू, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर गेला, आणि आता बदलण्याआधी स्वतः एकदा तपासून बघायचंय, तर मल्टीमीटर घ्यावा की गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड वाचणारा ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर? माझ्याकडे दोन्ही आहेत, फक्त घेतले उलट्या क्रमाने, म्हणजे आधी नवा सेन्सर, मग स्कॅनर आणि शेवटी मीटर.

स्कॅनरचं सुख म्हणजे गाडीखाली शिरावं लागत नाही. स्टिअरिंगखालच्या पोर्टात लावला, मोबाइल जोडला की कोड समोर. पी०१३५ म्हणजे पुढच्या सेन्सरच्या हीटरचं (सेन्सरला आतून तापवतो तो) सर्किट, पी०१४१ म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या मागच्या सेन्सरचं. इंजिन गरम झाल्यावर ग्राफ लावा, पुढचा साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली उड्या मारत असतो, मागचा बऱ्यापैकी शांत. पण हीटरचं सर्किट म्हणजे नेमकं काय, सेन्सर की वायर, ते स्कॅनर सांगत नाही, ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला कळतं तेवढंच त्याला कळतं. मी कोड वाचला, सेन्सरच गेला असं धरून चाललो, बदललाही. चार दिवसांत लाइट परत हजर!

मीटर स्वस्त, पण अंगमेहनत आहे. गाडी थंड असताना कनेक्टर सोडवायचा, चार वायरींपैकी एकाच रंगाच्या दोन असतात त्या हीटरच्या, सेन्सरच्या बाजूने त्यांच्यात ओहम मोजायचे. बऱ्याच गाड्यांत ५ ते १५ च्या आसपास येतात, नक्की आकडा मॅन्युअलमध्ये बघा. सर्किट ओपन दाखवलं तर हीटर तुटलाय, खुशाल सेन्सर बदला. ओहम बरोबर असतील तर गाडीच्या बाजूचा कनेक्टर धरा, इंजिन चालू ठेवून हीटरच्या एका पिनेवर १२ व्होल्टच्या वर येतात का बघा, मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला. सिग्नलच्या वायरीवर ओहम मोजायच्या फंदात पडू नका, आणि वायरीला टाचणी टोचून तर अजिबात नको, आपल्याकडे त्याच भोकातून पाणी शिरतं. पाच वायरींचा वाइडबँड (हवा-इंधनाचं प्रमाण जास्त बारकाईने मोजणारा) सेन्सर असेल तर सिग्नलचं हे ०.१-०.९ गणितच लागू नाही.

माझ्या पिनेवर शून्य. फ्यूज ठीक होता. टेप सोडवत गेलो तर कनेक्टरपासून वीतभर अंतरावर तांबं हिरवं पडलेलं, बोटांत चोळलं तर भुगा. गाडी दोन पावसाळे गोव्यात मिरामारला समुद्राजवळ उघड्यावर उभी, खारी हवा आपलं काम करणारच ना. वीतभर नवी वायर घातली, चवथीला घरी गेलो तेव्हापासून लाइट नाही.

मायलेज पडलंय पण हीटरचा कोड नाही, तर स्कॅनरचा ग्राफ जास्त कामाचा. हीटरचा कोड असेल आणि गाडी किनारपट्टीला राहत असेल तर डोळे झाकून मीटर. स्कॅनर काय, पाच मिनिटांसाठी कोणाचाही मागून आणता येतो. मीटर मात्र स्वतःचा हवा, वायर शोधायला आख्खा रविवार जातो.