डिझाइनची वेबसाइट करून घेताना आमचे ६५,५०० रुपये कसे गेले

गिरगावात आमचा लग्नपत्रिकांचा छापखाना आहे. वडिलांनी ट्रेडलवर सुरू केला, मी ऑफसेटवर आणला. गिऱ्हाईक नमुना दाखवतं, मी कागद बोटांत धरून बघतो. रंग किती, फॉइल आहे का, डाय लागणार का, प्रती किती, एवढं विचारून भाव सांगतो. सहसा त्यात शंभर-दोनशेचाही फरक पडत नाही. भाव काढणं हेच ज्याचं पोटापाण्याचं काम, तो माणूसही वेबसाइटच्या कामात फसला. या कामाचा भाव कशावर ठरतो हे मला ठाऊक नव्हतं, आणि मला ते ठाऊक नाही हे समोरच्याने पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं होतं. तुमचं तसं होऊ नये म्हणून सगळा हिशेब उघड करतो आहे.

आमच्याकडे वडिलांच्या काळापासून जमवलेले मायने, म्हणजे निमंत्रणाचे तयार मजकूर, आहेत. लग्नाचे मुलाकडून, मुलीकडून, शिवाय मुंज, साठीशांत, वास्तुशांत, बारसं. दिवसाला दहा फोन येतात, ‘काका, जरा मायना पाठवा ना.’ हे सगळे मायने वेबसाइटवर ठेवायचे, माणसाने आवडलेला मायना बोट दाबून कॉपी करायचा, घरच्यांची नावं घालायची आणि व्हॉट्सॲपवर आम्हाला पाठवायचा, एवढीच कल्पना होती. माझी भाची अप्लाइड आर्ट शिकलेली आहे. तिने गणपतीच्या सुट्टीत फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये सहा पानांचं डिझाइन करून दिलं. फार देखणं झालं होतं. आता या डिझाइनची चालती वेबसाइट करणारा माणूस हवा होता.

तो एका जुन्या गिऱ्हाइकाच्या ओळखीतून आला. सप्टेंबर २०२३. दुकानात बसून चहा घेतला, लॅपटॉपवर डिझाइन वरखाली केलं आणि म्हणाला, “काका, सहा पानं आहेत. चाळीस हजार. तयार थीम, आयता साचा वगैरे आपण वापरत नाही, सगळा कोड हाताने लिहितो.” मला ते लगेच पटलं, कारण छपाईत मीही पानांवरच भाव सांगतो. अर्धे पैसे, २०,००० रुपये, तिथेच यूपीआयने दिले. कागदावर काहीच नाही. जे काही होतं ते व्हॉट्सॲपवर, तेही ‘ओके काका’ आणि अंगठे.

पुढे एकेक गोष्ट निघत गेली. भाचीचं डिझाइन कॉम्प्युटरच्या पडद्यासाठी, १,४४० पिक्सेल रुंदीचं होतं. मोबाइलचं कोटेशनमध्ये धरलेलं नाही, असं त्याने तीन आठवड्यांनी कळवलं. १२,००० रुपये. मोबाइलचं काम खरंच वेगळं असतं हे मी आज मान्य करतो. तीन खणांत शेजारी मांडलेला मजकूर उभ्या अरुंद पडद्यावर कसा यावा, मेनू कुठे लपावा, हे कुणीतरी ठरवावं लागतं आणि आमच्या डिझाइनमध्ये ते नव्हतं. पण फाइल त्याने पहिल्याच दिवशी माझ्यासमोर उघडली होती. आमची बहुतेक गिऱ्हाइकं मोबाइलवरच असतात हेही मी सांगितलं होतं. त्याने ते मुद्दाम मागे ठेवलं, आमचे अर्धे पैसे अडकेपर्यंत.

मग मराठी फाँटच्या लायसन्सचे ९,००० रुपये. मग एसएसएलचे, म्हणजे पत्त्याच्या सुरुवातीला https येतं त्याचे, ४,५०० रुपये. तुळशीचं लग्न झालं, सीझन सुरू झाला, आणि तो म्हणाला की बाकीचे २०,००० आधी द्या, मग लाइव्ह करतो. आम्ही पत्रिकांच्या तळाशी वेबसाइटचा पत्ता छापायलाही लागलो होतो. दिले पैसे. एकूण ६५,५०० रुपये झाले.

साइट सुरू झाली, घरात पेढे वाटले. आठवड्याने परळच्या एका बाईंचा फोन आला, “काका, मायना कॉपी होत नाहीये हो.” मी माझ्या फोनवर उघडून मायन्यावर बोट दाबून धरलं. शब्द निळे व्हायला हवे होते. त्याऐवजी अख्खा मायनाच्या मायना एका तुकड्यासारखा उचलला गेला आणि खाली आलं, फोटो सेव्ह करायचा का? दुसरा उघडला, तेच. शंभरावर मायने होते, एकूण एक चित्रं करून चिकटवलेली. ज्या एका गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप केला तीच नव्हती. शिवाय चित्रातला मजकूर गूगलला मजकूर म्हणून मिळत नाही, म्हणजे ‘मुंजीचा मायना’ असं कुणी शोधलं तरी आम्ही सापडणं कठीण. एखादा शब्द बदलायचा तर नवं चित्र करायचं, आणि त्याचे तो दर वेळी ५०० रुपये मागायला लागला.

असं त्याने का केलं, ते नंतर कळलं. आमच्या जुन्या फाइली श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. त्या पद्धतीत मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. तो फाँट नसेल तिथे नुसती गिचमिड दिसते. वेबसाइटवर चालायला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरांना समजणाऱ्या पद्धतीत, आणावा लागतो. ते रूपांतर प्रोग्रामने होतं, पण रफार सरकतो, जोडाक्षरं तुटतात, म्हणून नंतर ओळ न् ओळ वाचून मुद्रितशोधन करावं लागतं. हे खरं काम आहे आणि त्याला खरे पैसे पडतात. तो सरळ बोलला असता तर मी दिले असते. तो मात्र म्हणाला होता, “भाषेचं सगळं आलं त्यात.”

जिथे खरा मजकूर होता तिथली गत पाहून तर मला रात्रभर झोप लागली नाही. ‘मुली’ची वेलांटी वरून छाटलेली, ‘कृपा’मधला ऋकार खालून कापलेला. इंग्रजी अक्षरांच्या मापाने ओळींची उंची ठेवली होती, आणि आपल्या अक्षरांना तर वरही जागा लागते, खालीही. ल आणि श हिंदी वळणाचे. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श. राज्य शासनाच्या २००९च्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच रूपं आहेत. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यासाठी राणोजी रावजी आरूंनी अक्षरांचे साचे कोरले ते याच मुंबईत. माझे वडील खिळे जुळवत मोठे झाले. त्यांच्या छापखान्याच्या नावाखाली असं मराठी दिसावं हे मला पैशांपेक्षा जास्त लागलं. त्याला सांगितलं तर म्हणाला, फाँटच तसा आहे.

पुढे डोंबिवलीची एक मुलगी मिळाली, स्वतंत्रपणे हेच काम करते. तिने दुकानात बसून साइटचा कोड उघडला आणि अर्ध्या तासात एकेक पदर सोडवला. ज्या फाँटच्या लायसन्सचे ९,००० घेतले, तो होता ‘मुक्त’. मुंबईच्याच ‘एक टाइप’ने केलेला, खुल्या परवान्याचा, कुणालाही फुकट वापरता येणारा. एसएसएलचं प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’चं, ही ना-नफा सेवा ते फुकटच देते. लावण्याची मजुरी घ्या, पण प्रमाणपत्राची किंमत म्हणून ४,५०० रुपये? हाताने लिहिलेला कोड म्हणजे वर्डप्रेस या वेबसाइट करण्याच्या सॉफ्टवेअरची विकत मिळणारी एक थीम, तीही चोरीची. असल्या प्रतीला या धंद्यात ‘नल्ड’ म्हणतात. तिला अपडेट नीट मिळत नाहीत आणि आत काय घुसडलेलं असेल सांगता येत नाही. आमच्या साइटच्या तळाशी जुगाराच्या साइटच्या लिंका होत्या, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात. आम्हाला दिसत नव्हत्या, गूगलला दिसत होत्या. गणपतीच्या पत्रिका छापणारा माणूस मी. ते बघून माझे हातपाय गार पडले.

तयार थीम वापरणं यात वाईट काही नाही, असं तिने मला समजावलं. रीतसर विकत घेतलेली थीम आणि मोफत वर्डप्रेस यांत लहान दुकानाचं काम स्वस्तात होऊ शकतं. पण तसं सांगून, तसा भाव लावून. डिझाइन हुबेहूब हवं असेल तर थीमला मुरडत बसण्यापेक्षा कोड नव्याने लिहावा लागतो आणि भाव तिथे वाढतो. तुमच्याकडून कशाचे पैसे घेतले जाताहेत, हे विचाराच.

किती पानं, असं तिने मला विचारलंच नाही. तिने विचारलं, किती प्रकारची पानं? शंभर मायने असले तरी मायन्याच्या पानाचा साचा एकच. तो एकदा केला की बाकी नुसता मजकूर भरायचा. उलट ‘मागणी नोंदवा’ हा एक फॉर्म सगळ्यांत महाग. डिझाइनमध्ये त्याचं एकच चित्र होतं, नीट भरलेला फॉर्म. मोबाइल नंबर नऊच आकडी टाकला तर? फोटोची फाइल फार मोठी असली तर? अर्ध्यात नेट गेलं तर? पाठवल्यावर माणसाला काय दिसणार आणि आम्हाला कुठे कळणार? यातलं एकही चित्र भाचीने काढलं नव्हतं, आणि त्यात भाचीचीही चूक नाही, कारण आम्ही कुणीच तसा विचार केला नव्हता. पहिल्या माणसाने यातलं काहीच केलं नव्हतं. चुकीचा नंबरसुद्धा मुकाट्याने घेतला जायचा.

पान उघडताना तोरण हलत हलत बाजूला सरतं, असं भाचीने एके ठिकाणी दाखवलं होतं. जुन्या, स्वस्त फोनवर ते अडखळू नये यासाठी दोन दिवस लागतील, असं डोंबिवलीची मुलगी म्हणाली. आम्ही ते सोडलं. आगाऊ रक्कम आम्ही दुकानाच्या यूपीआयवर घेतो, म्हणून साइटवरच पैसे घेणारा पेमेंट गेटवेही नको झाला. तेवढा खर्च वाचला. मायने आम्हाला स्वतः बदलता यावेत, ही सोय मात्र घेतली. तिचे वेगळे पैसे लागले, पण दर बदलाचे ५०० वाचले.

तिचा भाव ५८,००० रुपये, आणि श्रीलिपीतून युनिकोड करून तपासून घेण्याचे वेगळे १४,०००. पहिल्याच्या चाळीस हजारांपेक्षा कितीतरी जास्त, पण दोन पानांवर लिहून दिलेला. कुठल्या कुठल्या फोनवर तपासणार, दुरुस्तीच्या किती फेऱ्या, नंतर वर्षभर बॅकअप कोण घेणार, सगळं त्यात होतं. पैसे टप्प्याटप्प्याने. प्रत्येक टप्पा तात्पुरत्या पत्त्यावर टाकायचा, मी माझ्या फोनवर बोट दाबून बघायचं, मग द्यायचे. पूर्ण पैसे दिल्यावर कोडचे हक्क छापखान्याकडे येतील, अशी ओळ आमच्या ओळखीच्या वकिलांनी त्यात घालायला लावली. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी लागतं. बाहेरच्या माणसाला पैसे दिले एवढ्याने कोड आपोआप आपला होत नाही. हे मला वयाच्या पन्नाशीत कळलं.

सगळ्यांत मोठा घाव डोमेनचा, म्हणजे साइटच्या पत्त्याचा. तो त्याने स्वतःच्या खात्यावर, स्वतःच्या ईमेलने घेतला होता. असा पत्ता वर्षाला हजाराच्या आसपास मिळतो. आमच्या नावावर करून देण्याचे त्याने १५,००० मागितले. वकिलांची नोटीस गेली, उत्तर नाही. पुढे फोनही लागेना. तुमच्या साइटचा पत्ता कुणाच्या खात्यावर आहे, हे आजच बघा. त्या खात्याचा ओटीपी तुमच्या फोनवर येत नसेल तर तो पत्ता तुमच्या हातात नाही.

आम्ही नवा पत्ता घेतला, या वेळी ओटीपी माझ्याच फोनवर आला. जुन्याची मुदत पुढच्या वर्षी संपली. तो आमच्या हाती लागायच्या आधी दुसऱ्याच कुणीतरी उचलला. पण त्या सीझनला आम्ही छापलेल्या प्रत्येक पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरात तोच आहे, आणि लोक पत्रिका जपून ठेवतात. परवा एक जुने गिऱ्हाईक धाकट्याच्या लग्नासाठी थोरल्याची पत्रिका घेऊन निघाले होते. लोकलमध्ये बसल्या बसल्या त्यांनी तो पत्ता फोनवर उघडला. चर्नी रोडला उतरल्यावर आधी मला फोन केला, “काका, छापखाना बंद केलात का?”