सागर पवन की ब्लू एंजल्स?

साताऱ्याच्या सैनिक शाळेत शिकणारा भाचा परवा अजिंक्यताऱ्यावर बसल्या बसल्या विचारत होता, "मामा, नौदलाच्या हवाई कसरतींत भारी कोण, अमेरिका की आपण?"

अमेरिकी नौदलाचं कसरतींचं पथक ब्लू एंजल्स १९४६ पासून उडतंय. सुरुवात पंख्याच्या हेलकॅट विमानांवर झाली, आज सहा सुपर हॉर्नेट जेट आहेत. काही कसरतींत दोन विमानांमध्ये अंतर उरतं जेमतेम १८ इंच. तटाच्या दगडावर दोन विती मोजून दाखवल्या, तेव्हा पोरगं गप्पच झालं. शिवाय हे वैमानिक जी-सूट, म्हणजे जोरदार वळणांत फुगून पाय आवळणारा आणि शुद्ध हरपू न देणारा पोशाख, घालत नाहीत. तो फुगला तर मांडीवर टेकवलेला, विमानाचा दांडा धरलेला हात हलतो आणि हाताबरोबर विमानही.

सागर पवन आपलं, २००३ चं, गोव्याच्या हंसा तळावरचं. विमानं चारच, तीही बंगळूरला बनलेली किरण, शिकाऊंसाठीची. ३ मार्च २०१० ला हैदराबादच्या प्रदर्शनात एक कोसळलं, दोन्ही अधिकारी गेले आणि पथक थांबलं. माणसं ब्लू एंजल्सनीही गमावली, पण त्यांच्यामागे विमानांचा मोठा ताफा आहे.

ताकदीत अमेरिका पुढे, यात वाद नाही. माझा जीव मात्र त्या चार किरणांवरच.

"मग परत का नाही सुरू करत?" भाच्यानं विचारलं. करायलाच हवं.