लस कुठे टोचावी: मांडी, दंड की कंबर?

स्नायूत द्यायच्या लशीची जागा निवडताना दोनच गोष्टी पाहायच्या असतात: त्या वयात तिथे पुरेसा स्नायू आहे का, आणि सुईच्या वाटेत मोठा मज्जातंतू किंवा रक्तवाहिनी येते का.

तान्ह्या बाळाबाबत निर्णय सोपा आहे. दंडाच्या वरच्या भागातला डेल्टॉइड स्नायू तेव्हा अगदीच लहान असतो, तर मांडीच्या बाहेरच्या अंगाचा व्हास्टस लॅटरॅलिस जन्मापासून भरीव असतो. म्हणूनच सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याची पेंटाव्हॅलेंट (पाच रोगांविरुद्धची एकत्रित) लस मांडीच्या मधल्या तिसऱ्या भागात, पुढच्या-बाहेरच्या बाजूला देतात. आतली बाजू वर्ज्य, कारण मोठ्या रक्तवाहिन्या तिकडून जातात.

खरी ओढाताण एक ते तीन वर्षांच्या मुलांबाबत होते. मूल दोन दिवस लंगडेल म्हणून दंडातच द्या, असा पालकांचा आग्रह असतो आणि दंड चांगला भरलेला असेल तर ते चालतेही. परंतु राष्ट्रीय वेळापत्रकात 16 ते 24 महिन्यांचा डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) लशीचा बूस्टर म्हणजे पुढचा जोरडोस मांडीत आणि 5 ते 6 वर्षांचा दंडात सांगितला आहे, आणि शंका असल्यास मांडीच निवडावी असे माझे मत आहे.

मोठ्यांसाठी डेल्टॉइड सोयीचा असला, तरी तिथे चुकायला जागा फार कमी असते. खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली दोन-तीन बोटे सोडून, स्नायूच्या सर्वांत जाड भागात, सुई काटकोनात घालावी. ती फार वर गेली तर खांद्याच्या सांध्यालगतच्या पिशवीत लस जाऊन दुखणे महिनोन्‌महिने रेंगाळू शकते, तर फार खाली किंवा मागे गेल्यास हाताकडे जाणाऱ्या रेडियल मज्जातंतूला इजा होण्याची भीती असते. त्यामुळे बाही सरकवून दिसेल तेवढ्या जागेत टोचण्यापेक्षा खांदा पूर्ण उघडा करणे बरे.

राहिली कंबर, म्हणजे खरे तर नितंब. प्रतिजैविकांची इंजेक्शने तिथे घेण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे, पण लशीसाठी ती जागा नको. पायाकडे जाणाऱ्या सायटिक मज्जातंतूला इजा होण्याचा धोका तर आहेच, शिवाय चरबीचा थर जाड असल्याने लस पुष्कळदा स्नायूपर्यंत पोहोचतच नाही आणि प्रतिपिंडे कमी तयार होतात. कुत्रा चावल्यावरच्या रेबीज लशीत ही उणीव जिवावर बेतू शकते, म्हणून नितंबात दिलेला तिचा डोस अमेरिकेतील सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या सूचनांनुसार धरला जात नाही. तो पुन्हा, दंडात किंवा लहान मुलाच्या मांडीत, द्यावा लागतो.