चोबे नदीची बोट सफारी: पैसे वसूल, पण बोट बघून घ्या

बोट्सवानात चोबेला जाणार असाल तर हॉटेल कुठलं यापेक्षा बोट कुठली हे आधी बघा. आम्ही कसाने गावातून दोन्ही प्रकारच्या केल्या, मोठी दोन मजली आणि छोटी, आणि फरक जमीन-अस्मानाचा आहे.

मोठी स्वस्त पडते, वर बार असतो, टॉयलेट असतं, लहान मुलं किंवा म्हातारी माणसं सोबत असतील तर ठीकच आहे. पण हत्ती डावीकडे दिसला की सगळी जनता डावीकडे, मगर उजवीकडे दिसली की उजवीकडे, आणि मागे राहिलात तर दिसतात फक्त लोकांच्या टोप्या आणि मोबाईल. शिवाय बुकिंग करताना "सगळं धरून" सांगितलं होतं आणि जेट्टीवर गेल्यावर नॅशनल पार्कची फी वेगळी मागितली, तीही पुला या तिथल्या चलनात, कॅश. कंपनीचं नाव नाही घेत, तुम्ही आधीच लिहून घ्या म्हणजे झालं.

छोट्या बोटीत मात्र खरी मजा. नदीत मधोमध सेडुडू बेट आहे, गवताळ आणि सपाट, यावरून बोट्सवाना आणि नामिबिया चक्क आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले होते, १९९९ मध्ये निकाल बोट्सवानाच्या बाजूने लागला. हत्तींना त्याचं काय, ते चारा बघून पोहत बेटावर जातात, खोल पाण्यात गेले की फक्त सोंडेचं टोक वर, पिल्लू मोठ्यांच्या मधे. उथळ पाण्यातून गेलेले बाहेर आले की खालून काळेकुट्ट ओले आणि पाठीवर तीच जुनी धूळ, पट्टा मारल्यासारखा. आमच्या गाईडने इंजिन बंद केलं तेव्हा एक हत्तीण गवताचा जुडगा उपटून पाण्यात सपासप आपटत होती, मुळांची माती गेली की मगच तोंडात, आपण पालेभाजी धुतो अगदी तस्संच. मोठ्या बोटीवरून हे दिसलंच नसतं, दिसलं तरी म्युझिकमध्ये तो आवाज ऐकू आला नसता.

बाकी पाणघोडे, मगरी, मत्स्यगरुड हे भरपूर. पाणघोड्याने जबडा उघडला की सगळे "जांभई जांभई" करतात पण ती धमकी असते, गाईड लगेच बोट मागे घेतो, उगाच अजून जवळ चला म्हणून मागे लागू नका. सिंहाची आशा पाण्यावरून फारशी ठेवू नका, त्यासाठी जीपच.

शेजारच्या झिम्बाब्वेतल्या व्हिक्टोरिया फॉल्सहून डे ट्रिप करतात बरेच जण, अंतर ८० किमीच्या आसपास, पण बॉर्डरवर वेळ जातो आणि त्यात बहुतेकदा सकाळी बोट, दुपारी जीप असते. कळप पाण्यावर येतात ते जास्त करून दुपारनंतर, त्यामुळे जमलं तर एक रात्र कसानेला राहाच आणि दुपारची बोट घ्या. सीझन मे ते ऑक्टोबर, आतले पाणवठे सुकतात म्हणून सगळे नदीवर येतात, पावसात (तिथे तो साधारण नोव्हेंबरपासून) तेच कळप आत जंगलात पांगतात. जून-जुलैत तिथे हिवाळा असतो, परत येताना वारा जाम बोचरा लागतो, जॅकेट हवंच. आणि दुर्बीण माणशी एक न्या, नवरा-बायकोत एकच असेल तर भांडण ठरलेलं.