जळगावात फायबर रिवाइंडिंग करून घेतलं, अनुभव सांगतो

आपलं चोपडा-यावल साईडला ब्रॉडबँडचं काम. फायबर केबलच्या 2 किलोमीटरच्या ड्रममधून 500-500 मीटरचे रीळ करून पाहिजे होते. मागे एकाकडे दिलं तर पोरगं ड्रिलला रीळ लावून भरधाव गुंडाळायचं, वेढ्यावर वेढा, मधेच झटका. ओटीडीआर (फायबरमधे प्रकाश सोडून सिग्नल कुठं किती कमी होतो ते दाखवणारं मशीन) लावला तर 1310 नॅनोमीटरच्या प्रकाशाला सगळं बरं अन 1550 ला लॉस चढलेला, म्हणजे काच तुटली नव्हती, कुठेतरी दाबली-वाकली होती. 125 मायक्रॉनची काच ती, काय सहन करणार भाऊ!

आता एमआयडीसीतल्या वर्कशॉपात दिलं. इथं मधे वजन टांगलेली पुली आहे, ताण वाढला की ती वर उचलली जाते अन मशीन आपोआप हळू होतं, केबल शेजारी-शेजारी बसते, कापसाच्या सुताची कांडी भरावी तशी. एका रिळाची कड खरबरीत होती तर काकांनी बोट फिरवून पाहिलं अन आधी पॉलिश पेपर मारला, तिथंच पटलं आपल्याला. आतलं टोक पण बाहेर काढून देतात, रीळ न उलगडता टेस्ट होते.

फक्त दोन दिवस म्हणाले अन पाच लावले, वर ड्रम मे महिन्याच्या उन्हात बाहेर ठेवलेला. एक स्टार त्याचा कापला.